बॅबिलोनच्या झुलत्या बागा खरंच होत्या का?

चौकस

प्राचीन जगातल्या सात आश्चर्यांपैकी सहांचं गाव तरी नक्की आहे. गिझाचा पिरॅमिड उभाच आहे. हॅलिकार्नाससच्या समाधीचे दगड बोडरुमच्या किल्ल्याच्या भिंतीत सापडतात, अलेक्झांड्रियाच्या दीपस्तंभाचे समुद्राच्या तळाशी. सातवं आश्चर्य मात्र असं, की ते कुठल्या शहरात होतं, किंबहुना होतं की नव्हतं, यावरच एकमत नाही.

शाळेपासून ऐकलेली गोष्ट अशी. नेबुकॅडनेझर राजाची (राज्यकाळ इ.स.पू. ६०५ ते ५६२) राणी डोंगराळ मीडिया देशातली. बॅबिलोनच्या (आजचा इराक) सपाट मैदानात तिचा जीव रमेना, म्हणून राजाने तिच्यासाठी मजल्यांवर मजले चढवून झाडांचा डोंगर उभा केला.

मला खटकतं ते असं, की हा राजा स्वतःच्या बांधकामांबद्दल गप्प बसणारा नव्हता. त्याचा एक मोठा शिलालेख आहे. बगदादमधल्या ईस्ट इंडिया कंपनीच्या प्रतिनिधीच्या हाती तो आला आणि तिथून कंपनीच्या लंडनच्या कचेरीत पोचला, म्हणून त्याचं नावच 'ईस्ट इंडिया हाउस शिलालेख' पडलं. मजकुराचे दहा रकाने, सहाशेहून जास्त ओळी. त्यात तटबंदी आहे, बॅबिलोनचा मुख्य देव मार्दुक याचं देऊळ आहे, लेबनॉनहून आणलेले देवदार आहेत, वेशीवरचे बैल आणि नाग आहेत. बाग नाही! हेरोडोटस या ग्रीक इतिहासकाराने इ.स.पू. पाचव्या शतकात बॅबिलोनचं पानंच्या पानं वर्णन केलं, तिथल्या गोल होड्यांबद्दलसुद्धा लिहिलं. त्यातही बाग नाही.

माझा कल 'नव्हती' याकडे आहे. तुमचं काय म्हणणं?

मोगरा

मस्त विषय. वाचतेय, खूण करून ठेवली आहे.

लेखाजोखा

चांगला धागा. आधी साक्षीदार कोण कोण आहेत ते मांडू, म्हणजे पुढे वाद घालायला सोपं जाईल.

नेबुकॅडनेझरचं नाव घेऊन बागेबद्दल सांगणारा सगळ्यात जुना माणूस म्हणजे बेरोसस. तो बॅबिलोनमधला मार्दुकचा पुजारी. त्याने इ.स.पू. २८०च्या आसपास ग्रीक भाषेत आपल्या देशाचा इतिहास लिहिला. म्हणजे राजा जाऊन पावणेतीनशे वर्षं होऊन गेली होती. हा ग्रंथ आज हयात नाही. त्यातला उतारा आपल्याला मिळतो तो इ.स. पहिल्या शतकातल्या जोसेफस या ज्यू इतिहासकाराच्या पुस्तकात. त्या उताऱ्यात राणी मीडियात वाढलेली आणि डोंगरांची ओढ असलेली आहे, पण तिचं नाव नाही. 'अमायतिस' हे नाव दुसरीकडून आलं.

मग डायोडोरस, स्ट्रॅबो, कर्टियस रूफस हे नंतरचे ग्रीक-रोमन लेखक. यांच्यापैकी कुणीही बाग पाहिलेली नाही. सगळे आधीच्या लेखकांवर विसंबून. डायोडोरस तर नेबुकॅडनेझरचं नावही घेत नाही. त्याच्या मते एका सीरियन राजाने पर्शियातल्या आपल्या उपपत्नीसाठी बाग केली.

पुणेरी_मिसळ

बायकोला माहेरची आठवण आली म्हणून नवऱ्याने दारात डोंगर आणून ठेवला! हा धागा घरात कुणाला दाखवू नका रे, अपेक्षा वाढतील.

मोगरा

@पुणेरी_मिसळ, उशीर झाला. दाखवला. आमच्याकडे बाल्कनीत चार कुंड्या मंजूर झाल्या आहेत. :)

सिव्हिलवाला

इतिहास तुम्ही बघा, मी बांधकामाबद्दल बोलतो. डायोडोरसचं वर्णन मी बारकाईने वाचलं आहे, आणि ते निव्वळ कल्पनेतून आलं असेल असं मला वाटत नाही. कारण त्यात वॉटरप्रूफिंग आहे.

तो थर सांगतो. आधी १६ फूट लांबीच्या दगडी तुळया. त्यावर भरपूर डांबर घातलेला बोरूचा थर. त्यावर चुन्या-जिप्समात बसवलेल्या भाजक्या विटांचे दोन थर. त्यावर शिशाचे पत्रे, जेणेकरून मातीतली ओल खाली झिरपू नये. आणि मग झाडांची मुळं मावतील इतकी खोल माती. गच्चीवर ब्रिक बॅट कोबा करून घेणाऱ्या कुणालाही हे वाचून ओळखीचं वाटेल. कवीला डोंगर सुचतो, शिशाचा पत्रा सुचत नाही. हा मजकूर कुठेतरी, कधीतरी, खऱ्या कामाची माहिती असलेल्या माणसाकडून आलेला आहे. डांबराचाही प्रश्न नाही, युफ्रेटिसकाठच्या हीत गावात डांबराचे नैसर्गिक झरे होते आणि बॅबिलोनच्या विटा डांबरात बसवलेल्या सापडतातच.

आता पाणी. बागेची एक बाजू चार प्लेथ्रा, म्हणजे साधारण १२० मीटर. चौरस धरला तर १४,४०० चौरस मीटर, जवळपास साडेतीन एकर. तिथल्या उन्हाळ्यात झाडांना रोज ८ मिमी पाणी लागतं असं धरू. दिवसाला १ लाख १५ हजार लिटर झाले. सगळं पाणी अगदी वरच्या मजल्यावर, ५० हातांवर म्हणजे २२ मीटरवर चढवायचं आणि यंत्रात निम्मी शक्ती वाया जाते असंही धरलं, तरी आठ तास राबणारी वीस-पंचवीस माणसं पुरतात. राजाला काय अवघड होतं? 'इतकं पाणी चढवणं तेव्हा शक्यच नव्हतं' असं जे म्हणतात ते आकडेमोड करत नाहीत.

मलबारहिल

अवांतर, पण थेट संबंध आहे म्हणून लिहितो. आमच्या मुंबईच्या हँगिंग गार्डनला हे नाव याच बागेवरून पडलं. १८८१ साली ती पाण्याच्या मोठ्या बंदिस्त टाक्यांच्या छतावर केली, नंतर फिरोजशाह मेहतांचं नाव दिलं. खाली शहराचं पिण्याचं पाणी, वर माती आणि झाडं. सिव्हिलवाला म्हणतात तो ओलीचा प्रश्न तिथेही आहेच, फक्त इथे खालचं पाणी वरच्या मातीपासून जपायचं. लहानपणी म्हातारीच्या बुटात चढायला जायचो तेव्हा पायाखाली टाकी आहे हे कुणी सांगितलंच नव्हतं.

कोकणी_माणूस

म्हातारीचा बूट समोरच्या कमला नेहरू पार्कात! हँगिंग गार्डनमध्ये प्राण्यांच्या आकारात कापलेली झुडपं.

मलबारहिल

हो, समोरच. दोन्ही एकाच फेरीत व्हायचं. बाकी चालू द्या.

शंकासुर

सिव्हिलवाला, शिशाच्या पत्र्याचा मुद्दा जोरदार आहे. पण त्यातून इतकंच सिद्ध होतं की अशी एक बाग कुठेतरी होती. ती बॅबिलोनमध्येच होती हे कशावरून? जमिनीत काही सापडलं का?

लेखाजोखा

सापडलं असं वाटलं होतं. रॉबर्ट कोल्डेवाय या जर्मन पुरातत्त्वज्ञाने १८९९ ते १९१७ बॅबिलोन खणलं. इश्तार देवीच्या नावाची वेस त्यानेच उजेडात आणली, ती आज बर्लिनला उभी आहे. राजवाड्याच्या ईशान्य कोपऱ्यात त्याला कमानीच्या छताच्या चौदा खोल्या एकापुढे एक अशा सापडल्या. भिंती जाडजूड, विटांच्या शहरात दुर्मीळ असलेला दगडही वापरलेला, आणि शेजारी तीन तोंडांची एक अजब विहीर. पोहऱ्यांची माळ फिरवून पाणी वर काढायची सोय असावी, असं त्याने ठरवलं आणि जाहीर केलं की बाग मिळाली.

पण त्याच इमारतीतून मातीच्या पाट्या निघाल्या होत्या. अर्न्स्ट वाइडनर या अभ्यासकाने त्यातल्या काही वाचून १९३९ साली छापल्या. निघालं काय, तर शिधावाटपाची यादी! कुणाला किती तेल द्यायचं याचा हिशोब. त्यात यहूदाचा बंदिवान राजा यहोयाखीन आणि त्याच्या मुलांच्या वाट्याचं तेलही आहे. बायबलमधला राजा कोठीच्या वहीत सापडणं ही केवढी मोठी गोष्ट, पण कोल्डेवायची बाग मात्र कोठार ठरली. शिवाय ती जागा नदीपासून लांब.

वऱ्हाडी_ठेचा

कोठाराच्या हिशोबाने राजाची बाग खाल्ली म्हणा की!

दूरदेशी

लंडनला राहते, ब्रिटिश म्युझियममध्ये वरचेवर जाणं होतं. तिथल्या एका दगडी पटाबद्दल सांगितल्याशिवाय हा धागा पुरा होणार नाही.

हा पट बॅबिलोनचा नाही, असिरियन राजांच्या निनेवे शहरातला आहे. म्हणजे उत्तर इराकमधलं आजचं मोसुल, टायग्रिसच्या पलीकडच्या तीरावर. असुरबनिपाल राजाच्या राजवाड्यातला, इ.स.पू. सातव्या शतकाच्या मध्याचा. त्यात एक टेकडी आहे, पूर्ण झाडांनी भरलेली. टेकडीच्या माथ्यावर खांबांचा मंडप. उजवीकडून पाण्याचा पाट येतो, आणि तो येतो टोकदार कमानींच्या पुलावरून. पुढे त्याला फाटे फुटतात आणि ते झाडांमधून तिरके उतरत जातात. दगडात कोरलेल्या रेघांनी पाण्याचं वाहणं दाखवलं आहे, अगदी जवळ गेलं की मगच ते नीट कळतं. मी तो पट पहिल्यांदा पाहिला तेव्हा पाटीवरचं गाव दोनदा वाचलं.

ऑक्सफर्डच्या स्टेफनी डॅली यांचं म्हणणं हेच, की झुलती बाग बॅबिलोनची नव्हतीच. ती निनेवेला होती आणि करणारा असिरियाचा राजा सेनाकेरिब (इ.स.पू. ७०५ ते ६८१). २०१३ साली त्यांनी यावर अख्खं पुस्तक लिहिलं. सेनाकेरिब स्वतःच्या लेखात बागेबद्दल सांगतो, डोंगरासारखी बाग राजवाड्याशेजारी केली म्हणतो. राजवाड्याला 'सगळ्या लोकांसाठी आश्चर्य' म्हणतो. पाणी आणायला त्याने डोंगरातून कालवे खोदले. जेरवानला त्याचा जलसेतू आजही आहे, निनेवेपासून सुमारे ४० किमी. लांबी २८० मीटर, रुंदी २२ मीटर, आणि अंदाजे वीस लाख दगड. त्यावर त्याचाच लेख आहे की खोल घळींवरून मी हे पाणी नेलं.

वऱ्हाडी_ठेचा

ताई, जलसेतू २२ मीटर रुंद? आमच्याकडचा चौपदरी रस्ता बसेल त्यावरून. इ.स.पू. सातव्या शतकात!

दूरदेशी

हो. आणि तुमच्या वऱ्हाडाला आवडेल अशी एक गोष्ट. सेनाकेरिबच्या बागेत 'लोकर देणारी झाडं' होती, लोकांनी ती लोकर काढून कपडे विणले असं तो लिहितो. अभ्यासकांच्या मते हा कापूस. त्या प्रदेशातला कापसाचा हा फार जुना लेखी उल्लेख.

वऱ्हाडी_ठेचा

भाऊ, काय सांगता! म्हणजे कापूस आपल्याच बाजूने गेला असणार. सिंधूच्या खोऱ्यात तर त्याच्या दोन हजार वर्षं आधी कापसाचा धागा सापडतो. कापसाला झाड म्हणतो म्हणजे बहुवर्षायू देवकापूस असावा, तो चांगला माणसाच्या वर वाढतो. आमच्या आजीच्या परसात वातींसाठी एक होतं. राजाच्या बागेत शोभेला लावायला तोच बरोबर. माझ्यासाठी या धाग्याचं सोनं झालं.

दूरदेशी

(ताईच आहे, भाऊ नाही. :) ) देवकापसाचा विचार मला सुचला नव्हता, पण 'झाड' या शब्दाशी जुळतो खरा.

सिव्हिलवाला

निनेवेच्या बाबतीत पाणी चढवायच्या यंत्राबद्दलही लिहा ना. स्ट्रॅबो म्हणतो की नदीतून पाणी मळसूत्री पंपाने वर जायचं. त्या पंपाला आपण आर्किमिडीजचा स्क्रू म्हणतो, आणि आर्किमिडीज इ.स.पू. तिसऱ्या शतकातला.

दूरदेशी

डॅलींचा सगळ्यात गाजलेला आणि सगळ्यात वादग्रस्त मुद्दा तोच. सेनाकेरिब सांगतो की विहिरींवर पाणी उपसायला पूर्वी आडव्या दांड्याची लाट असायची, त्याऐवजी मी मोठे खांब आणि 'अलामित्तू' बसवले. अलामित्तू हे खजुरीच्या जातीचं एक ताडासारखं झाड. त्याच लेखात मातीच्या साच्यात ब्राँझ ओतून मोठाल्या वस्तू केल्याचंही वर्णन आहे. डॅली म्हणतात की या झाडाच्या बुंध्यावर गळलेल्या झावळ्यांचे व्रण गोल गोल फिरत वर चढतात, तेव्हा हे ब्राँझच्या मळसूत्राचं वर्णन आहे. तसं असेल तर आर्किमिडीजच्या चारशेहून जास्त वर्षं आधी. पण असा एकही पंप जमिनीत सापडलेला नाही.

शंकासुर

आता माझी हरकत. नाव बॅबिलोनचं, राजा बॅबिलोनचा, आणि सांगणारा बेरोसस बॅबिलोनमध्ये जन्मलेला पुजारी. त्याला आपलं गाव आणि शत्रूचं गाव यातला फरक कळत नव्हता? सेनाकेरिबने तर इ.स.पू. ६८९ मध्ये बॅबिलोन उद्ध्वस्त केलं होतं. त्याची बाग आपल्या राजाच्या नावावर कोण चढवेल?

लेखाजोखा

ग्रीकांपुरता घोटाळा पटण्यासारखा आहे. डायोडोरस निनेवे शहर युफ्रेटिसच्या काठी होतं म्हणतो, प्रत्यक्षात ते टायग्रिसवर. तोच बॅबिलोनच्या राजवाड्याच्या भिंतीवर शिकारीची मोठाली दृश्यं रंगवलेली सांगतो. बॅबिलोनच्या खोदकामात वेशीवर आणि भिंतींवर सिंह, बैल, नाग मिळाले, राजाची शिकार मिळाली नाही. ती निनेवेच्या राजवाड्यात जागोजाग आहे. निनेवे इ.स.पू. ६१२ मध्ये पडलं, जाळलं गेलं. पुढे तिकडून आलेल्या कथा बॅबिलोनच्या नावावर जमा झाल्या असतील.

बेरोससचं मात्र तसं नाही. त्याच्याबद्दल शंकासुर यांचा प्रश्न रास्त आहे. त्यावर सविस्तर लिहितो, उद्या.

आखाती

वडील ऐंशीच्या दशकात इराकमध्ये कामाला होते. बॅबिलोन म्हणजे हिल्ला शहराच्या लगत, बगदादपासून दक्षिणेला साधारण ८५ किमी. तेव्हा सद्दाम हुसेनने जुन्या पायांवर नवा राजवाडा उभारायला घेतला होता, आणि नव्या विटांवर त्याच्या नावाचे लेख होते. नेबुकॅडनेझरच्या जुन्या विटांवरही त्याच्या नावाचा ठसा असतोच, तिथूनच त्याने उचललं. वडिलांनी दोन्ही विटा शेजारी शेजारी पाहिल्या. जुन्या विटेचा ठसा जास्त खोल आणि स्वच्छ होता, असं ते आजही सांगतात.

'जमिनीत का सापडत नाही' यावर दोन गोष्टी. एक, त्या विटा इतक्या चांगल्या, की शतकानुशतकं लोक त्या काढून नेत राहिले. हिल्लातली घरं त्यांची, हिंदियाच्या बंधाऱ्यातही त्या गेल्या. भाजक्या विटांची बाग असेल तर ती आधी गेली असणार. दुसरं, युफ्रेटिसने पात्र बदललं आहे आणि भूजल फार वर आहे. कोल्डेवायला नेबुकॅडनेझरच्या कितीतरी आधीच्या हम्मुराबी राजाच्या काळचं शहर नीट खणता आलं नाही ते पाणी लागल्यामुळेच. नदीकाठचं काहीही शोधणं तिथे महाकठीण.

मोगरा

ठसा खोल आणि स्वच्छ... वडिलांना नमस्कार सांगा. मोसुलच्या बाजूचं काय उरलं आहे? २०१६ मध्ये निनेवेच्या वेशी दहशतवाद्यांनी पाडल्याचं वाचलं होतं.

दूरदेशी

मश्की आणि अदाद या दोन्ही वेशी पाडल्या. पण २०२२ मध्ये मश्की वेशीची दुरुस्ती करताना सेनाकेरिबच्या काळचे कोरीव पट जमिनीखाली सापडले. सैनिक, डोंगर, द्राक्षवेली, डाळिंबं, अंजीर. बातमी वाचून मी ऑफिसात रडले होते.

लेखाजोखा

कबूल केल्याप्रमाणे बेरोसस.

चौकस यांनी पहिल्याच प्रतिसादात ज्या शिलालेखाचा उल्लेख केला, त्यात नेबुकॅडनेझरची एक बढाई आहे. वडिलांच्या राजवाड्याला लागून मी नवा राजवाडा पंधरा दिवसांत पुरा केला! आता जोसेफसने दिलेला बेरोससचा उतारा काढा. त्यातही तेच. वडिलांच्या वाड्याला लागून दुसरा वाडा, आणि तो पंधरा दिवसांत पुरा. म्हणजे बेरोससपुढे हा शिलालेख किंवा याचीच एखादी प्रत होती, यात मला तरी शंका वाटत नाही. वाक्याला वाक्य जुळत जातं. आणि पंधरा दिवसांच्या वाक्यानंतर लगेच बागेचं वाक्य येतं, तिथे शिलालेख साथ सोडतो.

याचे दोन अर्थ लागतात. डॅलींच्या मते बागेचं वाक्य बेरोससचं नाहीच, ग्रीक कथांच्या प्रभावाखाली कुणीतरी मागाहून घातलं. दुसरा अर्थ असा, की बेरोसस गावचाच माणूस. शिलालेखात वाडा वाचला, आणि त्या वाड्याला लागून गावात जे दाखवलं जायचं ते त्याने स्वतःच्या माहितीवरून जोडलं. मी दुसऱ्या बाजूला झुकतो. कारण शिलालेखात बाग नसली तरी त्याच जागी भाजक्या विटा आणि डांबराचं, 'डोंगरासारखं' उंच बांधकाम केल्याचं राजा सांगतो. बेरोससही दगडी उंचवट्यांना डोंगराचं रूप दिलं म्हणतो. डोंगर दोन्हीकडे आहे, झाडं फक्त बेरोससकडे.

सिव्हिलवाला

हा धाग्यातला सर्वोत्तम प्रतिसाद. पंधरा दिवसांत राजवाडा हे मात्र कुठल्याही काँट्रॅक्टरला सांगू नका.

शंकासुर

मान्य, हा पुरावा वजनदार आहे. पण शिलालेखात झाडं का नाहीत याचं उत्तर अजून नाही. लेबनॉनचे देवदार मोजणारा राजा स्वतःची बाग विसरेल?

चौकस

शंकासुर, तोच माझा मूळ प्रश्न होता, आणि सगळे प्रतिसाद पुन्हा वाचल्यावर त्याकडे मी असं बघतो.

असिरियन राजांना बाग ही मिरवायची गोष्ट होती. सेनाकेरिबच्याही आधी असुरनासिरपाल राजाने निमरुद शहरात जिंकलेल्या मुलखांतली झाडं आणून लावली आणि त्यांची यादी दगडावर कोरली. बॅबिलोनच्या राजाच्या लेखांचा सूर वेगळा. तिथे देव, देवळं, तट आणि कालवे यांना मान. देवदार येतात ते देवळाच्या आणि वाड्याच्या छतासाठी, झाड म्हणून नव्हे. राजवाड्याच्या गच्च्यांवर लावलेली झाडं त्या लेखात यावीत ही अपेक्षा आपली आहे, त्याची नव्हे. तेव्हा त्याच्या मौनावरून 'नव्हती' म्हणणं मी सोडलं.

निनेवेची बाग होती याबद्दल मला आता शंका नाही. पट आहे, लेख आहे, जलसेतू आहे. बॅबिलोनला राजवाड्याला लागून नदीच्या बाजूला गच्च्यांवरची झाडी असावी, बेरोससने सांगितली तेवढी. पण चार प्लेथ्रांची, शिशाच्या पत्र्यांची, मळसूत्री पंपांची जी बाग आश्चर्यांच्या यादीत बसली, तिच्यात दोन्ही शहरं मिसळली आहेत असं मला वाटतं.

शंकासुर

'मिसळली आहेत' इथपर्यंत येतो. त्यापुढे नाही. बॅबिलोनच्या झाडीसाठी मला अजून जमिनीतला पुरावा हवा.

आखाती

मग पश्चिमेकडचा बुरूज बघा. राजवाड्याच्या नदीकडच्या अंगाला एक प्रचंड बांधकाम आहे, काही भिंती २० मीटरहून जाड. डोनाल्ड वाइजमन या अभ्यासकाने बागेसाठी तीच बाजू सुचवली होती. पाणी जवळ, पाया भक्कम, नदीकडून वारा. २०१९ मध्ये बॅबिलोन जागतिक वारसा यादीत आलं आहे, तेव्हा निदान आता विटा तरी जाग्यावर राहतील. वडिलांना विचारलं, त्यांना तिकडे कुणी नेलंच नव्हतं. सगळे इश्तारच्या वेशीची नक्कल बघून परत फिरायचे.

वऱ्हाडी_ठेचा

दूरदेशीताई, त्या पटावर कापसाचं झाड ओळखू येतं का? बोंडं दिसतात का? पुढच्या वेळी गेलात तर जरा जवळून फोटो टाका.

दूरदेशी

टाकते. आठवतं त्याप्रमाणे झाडं दोनच प्रकारांत कोरली आहेत, सुचीपर्णी आणि पानांची. बोंडं असतील तर तुम्हालाच ओळखायला लावीन.